सावलीची नोंदवही

साहेबांनी शंभर पानी वही पुढ्यात सरकवली.
म्हणाले, अहिरराव, पुढून सावली लिहा,
मागून धूर.
मे संपायच्या आत शहराचा आराखडा द्यायचाय.

मी पाणीपट्टी वसूल करणारा माणूस.
नळ मोजलेत, थकबाकी मोजली,
एका पावसाळ्यात मेलेली डुकरंसुद्धा.
सावली कुठल्या मापानं धरायची
हे नियमात नव्हतं.

म्हणून बाराला निघालो.
बाराला सावली खोटं बोलत नाही.

गल्ली नंबर एक ते सात,
पट्टीनं आखलेलं आमचं धुळं:
ऊन या टोकाला शिरतं, त्या टोकाला निघतं,
मधे त्याला हटकणारं कुणी नाही.
लिंबं दोन. पिंपळ एक,
त्याच्या कमरेला सिमेंटचा पट्टा आवळलेला.
बँकेच्या पाटीखाली माणसं साडेतीन.
साडेतीनच लिहिलं,
चौथ्याचा खांदा उन्हात होता.

आग्रा रोडला साड्यांच्या दुकानात हिवाळा,
आणि त्या हिवाळ्याची गरम उलटी
बाहेर कैऱ्या विकणाऱ्या सोजाबाईच्या पाठीवर.
हे पुढून लिहू की मागून?
"काय लिखी राहिना रे भाऊ?"
सावली, मावशी.
"मंग मनी छत्रीनी बी लिखी ले.
दोन काड्या मोडेल शेतस."
लिहिली. छत्री एक, काड्या वजा दोन.

मागची पानं भराभर भरली.
चौफुलीवर ट्रक उभे, इंजिनं चालू,
ड्रायव्हर खाली चहा पितोय
आणि वर डिझेल कुणासाठीच जळत नाहीय.
कचरा डेपो तर फेब्रुवारीपासून धुमसतोय,
घरातल्या जुन्या भांडणासारखा,
विझलंय म्हणावं तर वास येतो.
सिटी बस: नोंद घेण्यासाठी
पाऊण तास थांबलो. आली नाही.
तेवढ्यात एकेकटी माणसं घेऊन
दोनशे अकरा मोटारसायकली गेल्या.

मुनव्वर अन्सारीच्या मागाच्या शेडवर
पत्रा पांढराफटक.
दोन हात चुना, त्यात थोडा डिंक.
आत चार अंश उतरलेत, तो म्हणाला,
मुलीनं शाळेतला तापमापक आणून टांगलाय.
सगळी गल्ली हसली होती,
अन्सारीला कुणीतरी चुना लावला म्हणून.
आता शेजारचे तिघे
बादली उसनी मागतात.

असं करत दोन्हीकडची पानं
मधल्या पिनेपाशी येऊन भिडली.
पुढचं शेवटचं पान: पांझरेचा पूल, सावली पुलाचीच,
खाली पाणी नाही, क्रिकेट.
मागचं शेवटचं पान: त्याच पुलावरचा धूर.

वडील वरच्या अंगाला बंधाऱ्यावर पाटकरी होते.
फडाला पाणी बारीनं सोडायचे,
बागाईतदार असो की अर्ध्या बिघ्याचा,
बारी आली की पाणी, नाही आली की नाही.
ओढीच्या वर्षी एवढंच म्हणायचे,
"पानी कमी व्हयनं ते फड कमी कराना,
वाटेकरी नही."
हे कुठल्या रकान्यात बसतं?
समासात लिहिलं, पेन्सिलीनं.

साहेबांनी बेरीज पाहिली.
माणशी सावली: हातरुमालाएवढी.
माणशी धूर: त्याचा हिशेब
माणशी लागतच नव्हता,
ज्याच्या खाती जास्त सावली
त्याच्याच खाती जास्त धूर.
सोजाबाईच्या मागच्या पानावर तर काहीच नव्हतं.
उपाय, म्हणून विचारलं त्यांनी.
म्हटलं, साहेब, समास वाचा.
ते उठले. खिडकीचा पडदा सारला,
एसीचं बटण दाबलं, बंद झालं की चालू
ते कळायच्या आत मी बाहेर आलो.

एक नोंद राहिली, ती इथे करतो.
देवपुरात साडेतीनला
पानटपरीमागे उभा राहून लिहीत असताना
एक करडू येऊन माझ्या सावलीत थांबलं.
लिहून झालं होतं.
तरी उगाच आकडे गिरवत
तसाच उभा राहिलो,
ऊन हलेल तसा थोडा थोडा सरकत.

सावली एक.
फिरती.