मागाशेजारी

सकाळी आधी टिळकवाडीच्या पतसंस्थेची जाहिरात:
वीस सेकंद, दोन भाषांत, चाल एकच.
कन्नडमध्ये एक अक्षर जास्त येतं,
ते कुठं बसवायचं यात दहा वाजतात.

मग व्हायोलाची ओळ.
चार वाद्यांचं काम, लायप्झिगहून आलेलं;
आगाऊ रक्कम मार्चमध्येच भाड्यात गेली.
भिंतीपलीकडे चन्नव्वाचे दोन यंत्रमाग
एकमेकांशी जुळत नाहीत,
एक किंचित पुढं, दुसरा रेंगाळत,
सतराव्या ठोक्याला क्षणभर एकत्र.
मी ते मोजून ठेवलंय.
तिला सांगितलेलं नाही.

साडेतीनला करंट जातो.
गल्ली एकदम थांबते
आणि वडगाव ऐकू येतं:
कुणाचा तरी कुकर,
नाक्यावर मागं येणारी बस,
माझी पेन्सिल.

चन्नव्वा दारात, केसांत सुताची कुसं.
"लिवून झालं काय गं? वाजतंय कसं?"
मी पाच रिकाम्या रेघा दाखवते.
"आत्ता हे चाललंय. हेच."
ती उंबऱ्यावर टेकते. थोडं ऐकते.
"याचंबी पैसं देत्यात?"

देतात. साठ दिवसांनी.

"मग जरा लांबव की," म्हणते,
आणि करंट येतो.