दुसरा गिअर

सेमिनरी हिल्सच्या चढावर
दुसरा गिअर सुटतो.
खट्.
इंजिन मोकळंच किंचाळतं,
मागचा स्कूटरवाला माझी आय-माय काढतो.

क्लच आवळून झाला. केबल बदलली.
तेल काढलं ते काळं,
बोटांत चोळलं तर चंदेरी भुकटी.

मंगळवारी बाजारामागे इस्राइलभाईंनी
गिअरबॉक्स उघडून गोणपाटावर मांडला,
एकेक दात नखानं चाचपला.
"दात शाबूत आहेत. हा फोर्क पाहून घ्या."
एकाच अंगानं झिजलेला,
चुलीवरच्या जुन्या उलथन्यागत.
"लिव्हरवर पाय ठेवूनच चालवली हो कोणीतरी.
एक-दोन वर्षं नाही, जिंदगीभर."

मी नव्हे. माझ्याकडे आठच महिने.
मग अजनीतलं ते घर आठवलं.
पार्सल ऑफिसातले धोमणे वारल्यावर
बाईंनी किल्ली हातात ठेवली तेव्हा
दाराशी बुटांची जोडी होती.
डाव्याचा तळ साधा,
उजव्याला इंचभर चामडं जास्तीचं.

कामठीच्या भंगारातला फोर्क
इस्राइलभाईंनी कानशीनं घासला,
बसवला, फिरवून पाहिला,
काढून पुन्हा घासला.
दोनदा चहा झाला. दिवे लागले.

आता चढावर दुसरा धरून राहतो.
पाय फूटरेस्टवर, लिव्हरपासून लांब.
जुना फोर्क खिशात आहे,
मांडीला टोचतो.
धोमणेबाईंना नेऊन द्यावा म्हणतो.
काय सांगून द्यायचा,
ते मात्र अजून जमलेलं नाही.