बांगड्यांचा बर्फ

काल रात्री प्रथमेशचा फोन. जहाज नॉर्वेच्या कुठल्याशा बंदरात.
सुट्टी होती म्हणून पोरं डोंगरात चालायला गेली.
गुडघाभर बर्फ, म्हणाला,
आणि त्यातूनच एक पिवळं फूल वर आलेलं, नखाएवढं.
जनूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं,
"थंय आंबे नाय, मगे माणसां राखतत काय?"

पहाटे साडेपाचला त्यांनीच माझं दार वाजवलं.
"चल, सड्यार जावया.
पोरगो बर्फातसून चलता, आपण धुक्यातसून चलया."

देवगड बंदरावरून वर येणाऱ्या रस्त्यावर
रात्रीच्या मासळीच्या ट्रकमधून सांडलेला बर्फ,
वळणावर ओंजळ-दोन ओंजळ,
कडेला राखाडी, मधे अजून पांढरा,
त्यात बांगड्याचा एक खवला.
जनूभाऊंनी वहाण काढली.
सत्तरीचा माणूस, उजवा पाय त्यात रोवून उभा राहिला
आणि दातांतून म्हणाला, "झाला. बघलंय."
पाऊल उचललं तर खाली ओलं डांबर, पाच बोटं.

मग सडा.
पायाखाली कातळ, पण कातळ दिसत नव्हता.
वाळलं गवत दहिवरानं वाकलेलं,
माझी विजार पोटरीपर्यंत भिजली.
कुठेतरी टिटवी कुणावर तरी ओरडत होती.
पांगारा आधी ऐकू आला, साळुंक्यांचा नुसता कलकलाट,
दहा पावलांनी तो लाल झाला.
करवंदीची जाळी पांढऱ्या फुलांनी भरलेली;
मी हात लावला तर बाहीत थेंब.
मी म्हणालो, किती सुंदर आहे हे सगळं.
ते काहीच बोलले नाहीत.

गडगा ओलांडून कलमांत शिरलो.
त्यांनी एक पान तोडलं, बोट फिरवलं, चाटलं.
"गोड," म्हणाले, "तुडतुडो."
आणि मोहोराचा तुरा तळव्यावर हलवला:
भुगा. काळपट, हलका,
फुंकरीनं उडेल असा.
झाडाखाली तोच पसरला होता, इतका
की चालताना आमच्या पावलांचा आवाज येईना.
मला माझं मघाचं वाक्य परत घ्यावंसं वाटलं.
घेतलं नाही. धुकं खरंच सुंदर होतं.

एका फांदीला, वाऱ्याच्या बाजूला,
वाटाण्याएवढी कणी धरलेली. तीन. नाही, चार.
जनूभाऊंनी माझ्या मोबाईलवर त्यांचा फोटो काढायला लावला,
काचेवर दव, सगळं पुसट आलं.
"धाड तसोच. तेका कळतला."

ऊन आलं तेव्हा समुद्र खाली होताच,
कधीपासून होता कोण जाणे.
उतरताना वळणावर बर्फ नव्हता.
एक मांजर ओल्या जागी जीभ लावत होतं.
जनूभाऊ थांबले, वहाणेतला अंगठा हलवून पाहिला.
"उजवो पाय," म्हणाले, "अजून गार आसा."