कणकुंबीच्या नाक्यावर

हवालदार बसलिंगप्पानं बाटली उजेडात धरली.
"एन्री इदु?"

मोपाला उतरल्यापासून ती माझ्या मांडीवर,
वैजूच्या जुन्या स्वेटरात गुंडाळलेली.
चोर्ल्याच्या दर वळणाला
तान्ह्या पोरागत आवळून धरली होती.

काय सांगणार, काय आहे ते?
पोर्तोत एका म्हातारीनं दीड तास समजावलं,
पाव कळलं मला,
तेही वैजूनं मराठी करून दिलं म्हणून.
नदीकाठची कोठारं, आत अंधार,
आणि गोठ्यात म्हशी बसाव्यात तशी
बसलेली पिंपं, काळी, गार, रवंथ करत.
"हे वीस वर्षं इथंच आहे," म्हातारी म्हणाली.
वीस वर्षं!
आमच्या भट्टीत कौल वीस तास जास्त राहिलं तर
वाकडं होतं.

मी खानापूरचा. कौलं भाजण्यात हयात गेली.
पेला हाती आला की आधी बूड बघतो,
मग रंग.
रंग ओळखीचा निघाला :
भट्टी उघडल्यावर मधल्या थरात सापडतो तो,
ना कच्चा, ना करपलेला.
वास खारकेचा, जळक्या साखरेचा,
आणि गुऱ्हाळात काकवी उतरवतात
त्या वेळच्या संध्याकाळचा.
मी म्हटलं, "बरं आहे."
वैजूनं त्याचं पोर्तुगीजमध्ये काय केलं कोण जाणे,
म्हातारी चक्क लाजली.

दुसऱ्या दिवशी हिरवी वाईन.
हिरवी कसली, नितळ पाणी.
हिरवी म्हणजे कोवळी, यंदाची, वैजू म्हणाली.
जिभेवर मुंग्या चालल्या,
भाजलेल्या तारलीचा काटा दातात अडकला
आणि सांतान आठवला.

चैत्रातला सांतान,
बोंडं तुडवून गुडघ्यापर्यंत चिकट.
भट्टी हद्दीच्या पलीकडं, खाट अलीकडं.
उर्राक दोन महिन्यांची पाहुणी,
तिला कुणी पिंपात निजवत नाही.
"ठेवली की रुसते," सांतान म्हणतो,
"प्यायची तर आत्ता पी की."

म्हातारीनं पेले विसळता विसळता विचारलं,
तुमच्याकडं काय पितात?
मी गप्प.
आमच्या घरात हा प्रश्न
कुणी मोठ्यानं विचारलेला नव्हता.
पारवाडहून परतताना मी लवंग चघळायचो,
दार उघडायच्या आधी श्वास आत ओढून घ्यायचो.
वैजू म्हणाली, "सांगा की बाबा.
लवंगेचा वास आला की
आई आम्हाला म्हणायची, झोपल्याचं सोंग घ्या."

मग सांगितलं सगळं.
बोंडं, तांब्याचं भांडं, हद्द,
आणि मातीची मडकी, ती माझ्याच चाकावरची,
कुठल्याच वहीत न लिहिलेली.
वैजू भाषांतर करता करता मध्येच थांबली,
तिला मडक्यांचं ठाऊक नव्हतं.
म्हातारीनं दोन पेले भरले,
एक बापापुढं, एक लेकीपुढं,
आणि आत निघून गेली.

"एन्री?" बसलिंगप्पा अजून उभाच.
मी म्हटलं, "बेल्ल. बेल्लासारखं काहीतरी.
मुलीनं दिलंय."
त्यानं विमानतळाची पावती उलटीसुलटी बघितली,
स्वेटर बघितला,
बाटली स्वतःच त्यात गुंडाळून दिली.
"होग्री."

सांतानच्या पडवीत स्टीलचे पेले.
पहिल्या घोटाला त्यानं तोंड वाकडं केलं,
"काकवीगत लागालंय की रे!"
दुसऱ्याला काही बोलला नाही.
तिसरा स्वतःच ओतून घेतला.
"किती वर्साची म्हणालास?"
"वीस."
तो बोटं मोजत बसला.
"म्हंजे तुझी भट्टी पेटती होती तवाची."

होय. तवाचीच.

उठताना सवयीनं खिशात लवंग चाचपली.
नव्हती.
बाटलीत दोन बोटं शिल्लक होती,
ती तशीच घेऊन निघालो,
वैजूच्या आईला विचारायला,
रंग ओळखतेस का.