पुठ्ठ्याचा चेक

दर डिसेंबरात यायचा तो, पुठ्ठ्याचा चेक,
दारापेक्षा रुंद.
तिरका करून आत घ्यायचो आम्ही,
पलंग घेतात तसा.
एका टोकाला मेव्हिस, दुसऱ्या टोकाला थ्रॅपस्टनसाहेब,
मध्ये दोन हजार पौंड आणि मासळी कंपनीचा निळा मासा.
"जरा हसा," फोटोवाला म्हणायचा,
आणि रांगेतली माणसं सूपचे वाडगे घेऊन
भिंतीकडे तोंड करून उभी राहायची,
फोटोत येऊ नये म्हणून.

वही माझ्याकडे होती, म्हणून मी हे सांगतोय.
पैसे जमेच्या रकान्यात लिहिता येतात.
पाठमोरी माणसं कुठे लिहायची
ते कुणी शिकवलं नव्हतं.

चेक मग पोटमाळ्यावर जायचा. अकरा साठले.
छत गळायचं तिथे ते बरे पडायचे.

एका जानेवारीत
(ग्रिम्सबीच्या गोदीवर तेव्हा असा वारा असतो
की डोळ्यांतलं पाणी कानात जातं)
कंपनीचा ट्रक आला. न सांगता.
सहाशे खोकी खारवलेली हेरिंग,
मुदत संपायला चार दिवस.
वर चिठ्ठी: सप्रेम भेट.
आमच्याकडे फ्रीज एक, तोही खोकणारा.
मेव्हिसने ड्रायव्हरला चहा पाजला
आणि ट्रक परत पाठवला.

समितीच्या पोटात गोळा.
देणाऱ्याला कुणी नाही म्हणतं का? हातचा जाईल!
मीही तेच म्हणालो. वहीवाल्याचं काळीज वहीएवढंच.
ती म्हणाली, "हातात होता कधी?"

दुसऱ्या दिवशी फोन. साहेब तापलेले.
तिने सगळं ऐकून घेतलं,
माफी मागितली नाही, आवाजही चढवला नाही.
एवढंच विचारलं,
"तुमची रात्रपाळी मला दाखवाल का?"

पहाटेचे चार. आम्हा दोघांना पांढऱ्या टोप्या, पांढरे बूट.
पट्ट्यापाशी ओळीने माणसं,
मनगटापर्यंत बर्फात हात,
सुरी, मासा, सुरी, मासा.
चेहरे मला अनोळखी होते.
मग आम्ही पट्ट्याच्या मागच्या बाजूला गेलो
आणि मी त्या पाठी ओळखल्या.

मेव्हिसने आधीच ओळखल्या असणार.
ती कुणाशी बोलली नाही, कुणाकडे बोट दाखवलं नाही.
"काय झालं?" साहेबांनी विचारलं.
"काही नाही. थंडी आहे हो इथे."

ते बराच वेळ पट्ट्याकडे बघत राहिले.

त्यानंतर एका मंगळवारी ते एकटेच आले.
बटाटे इतके जाड सोलले की निम्मा बटाटा सालीत गेला.
"तुम्हाला काय हवं?" त्यांनी विचारलं.
"तुमच्याकडे काय रिकामं पडून असतं?" तिने विचारलं.

तेव्हा कळलं: मंगळवारची व्हॅन रिकामी परतते.
शीतगृहाचा एक कोपरा ओसाड आहे.
आणि हिशेबखात्यातल्या झैनबला
महिन्यातून दोन दुपारी मोकळ्या असतात.
(तिने माझी वही तपासली.
अकरा वर्षांच्या चुका काढल्या. जाऊ दे.)
पैसेही ठरले, डिसेंबरात एकदम नाही,
दर महिन्याला, फेब्रुवारीतही,
जेव्हा कुणालाच आमची आठवण होत नाही.

सगळं गोडीगुलाबीने चाललंय असं नाही.
टोमॅटोचं सूप नासलं तेव्हा
मेव्हिसने पहिला फोन त्यांनाच केला.
ते चिडले. मग म्हणाले,
"बरं झालं, तुमच्याकडूनच कळलं."
परवा पाट्यांवरून पुन्हा वाजलं:
व्हॅनवर निळा मासा हवा की नको.

रात्रपाळीच्या पगाराचं त्यांनी काय केलं
ते मी विचारलं नाही.
मार्चपासून रांग सात माणसांनी आखूड झाली.
हवा सुधारली म्हणूनही असेल.

सात. जमेत बसत नाहीत, खर्चात तर नाहीच.
झैनब रागावेल,
पण पेन्सिलीने समासात लिहून ठेवलेत.