सात नंबरची चकती

अंबडला आमच्या गाळ्यात
एक थर्माकोलचं डोकं आहे.
त्याला केस नाहीत, घाम नाही, झोप नाही,
म्हणून त्याच्यावर आमचं सगळं नीट चिकटतं.

चार पट्ट्या, पट्टीला नऊ चकत्या,
चकतीखाली जेल, जेलखाली, ड्रॉइंगमध्ये,
"त्वचा : दोन मिलिमीटर."
त्या दोन मिलिमीटरवर मी तीन वर्षं पगार घेतला.

मग रंगनाथ दोंदे आले.
निवृत्त लाइनमन, सातपूर उपविभाग.
उजव्या कानाच्या वर, आत,
सुपारीएवढं काढून झालेलं
आणि उरलेलं कुणाला न दिसणारं.

मी समजावलं :
हे क्षेत्र सेकंदाला दोन लाख वेळा दिशा पालटतं,
पेशी एकाची दोन व्हायला निघाली
की तिचा आतला ताणाबाणा विस्कटतं.
"म्हणजे फेज उलटसुलट करत राहायची."
जवळपास, मी म्हणाले.
"छत्तीस वर्षं वीज लागू नये म्हणून रबरी हातमोजे घातले,
आणि तुम्ही म्हणता रोज अठरा तास लावून बसा."
हसले. मग गंभीरपणे विचारलं,
अर्थिंग कुठंय?

दर चौथ्या दिवशी डोक्यावर वस्तरा.
माहितीपुस्तिकेत मी हे एका ओळीत उरकलं होतं.
पंचवटीतल्या न्हाव्यानं पाणी लावता लावता
आवाज खाली आणला : कोण गेलं?
या गावात गोटा करणाऱ्याला
दुसरं काय विचारणार.
दोंदे म्हणाले, अजून कोणी नाही.
वस्तरा थांबला.
शेंडी ठेवू?
नको, तिथं सात नंबरची चकती येते.

सिंधूताईंच्या बोटांना संधिवात.
पट्टीचा कागद सोलायला मी आठ मिलिमीटरचं टोक दिलेलं,
स्क्रीनवर फार देखणं होतं ते.
त्यांनी ते दातांनी ओढलं
आणि माझ्याकडे पाहून ओशाळल्या.
ओशाळायचं कुणी, ते मला ठाऊक होतं.
आता टोक पंचवीस मिलिमीटर आहे, लाल,
आणि जरा खरखरीत.

बॅटरीची पिशवी मी खांद्याला दिली होती.
दोंदे जुना कातडी पट्टा घेऊन आले,
पक्कड अडकवायच्या कड्या अजून तशाच.
"वजन कमरेला हवं, मॅडम.
खांबावर चढणाऱ्याला विचारायचं होतं."
सव्वा किलो.
विचारायचं होतंच.

मे महिन्यात चकत्या एक्केचाळीस अंशांना ओरडतात.
बाहेरही एक्केचाळीस.
नाशिक थंड हवेचं, असं अजून सांगतात लोक.
दोंदे दुपारभर बँकेत बसतात, एसीच्या झोतात,
हातात पासबुक, टोकन न घेता.
शनिवारी वीज जाते तेव्हा सबस्टेशनला फोन लावतात.
पलीकडचा पोरगा म्हणतो, साडेतीनला येईल, साहेब.
उभ्या नोकरीत त्यांना कुणी साहेब म्हटलं नव्हतं.

यंत्र सगळं लिहून ठेवतं.
महिन्याची नोंद उघडली तर
रोज संध्याकाळी एक भोक :
सात दहा ते साडेसात, बंद.
जेलचा दोष, वायर सैल, कनेक्टर?
आठवडाभर मी टेबलावर कनेक्टर वाकवत बसले.
शेवटी फोन केला.

"यंत्राचा पंखा घूं करतो ना,
हिला एका कानानं कमी येतं.
तेवढा वेळ आम्ही गॅलरीत बोलतो."
कशाबद्दल, असं मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं :
"भांडतो. टाकीत पाणी कोणी सोडायचं यावर."

अहवालात कारणाचा रकाना होता.
मी लिहिलं, वापरकर्त्याची सोय.

नव्या आवृत्तीत पंखा बदलला.
कान लावला तरी ऐकू येत नाही,
मी थर्माकोलच्या डोक्याला माझा कान लावून पाहिलाय.
पाच महिने झाले.
भोक तिथंच आहे, सात दहा ते साडेसात,
कधीकधी पावणेआठ.
मी पुन्हा फोन केलेला नाही.