टोचन

आरसी बुकात नाव माझं:
इंदुमती बाळगोंडा मगदूम, राहणार उचगाव.
स्टेअरिंगला मी कधी हात लावला नाही.
हे गेले आणि ट्रक अंगावर आला,
एकोणीस हप्त्यांसकट.

दारावर पिवळ्या रंगात लिहिलंय,
रिकामं वजन, भरलं वजन.
दर पाडव्याला हे बारीक ब्रश घेऊन
तेच आकडे गिरवायचे
आणि वर्षभर मोडायचे.
"पासिंग दहा टनाचं, पण काळीज चौदाचं,"
म्हणायचे बॉनेटवर थाप मारून.
वरच्या चार टनांत माझ्या पाटल्या झाल्या,
मी कशाला बोलू?

दस्तगीरचा फोन रात्री साडेदहाला.
"वैनी, गगनबावड्याच्या चढाला टेंपो बंद पडलाय,
ऐन वळणावर. लावू का टोचन?"
मी विरजण लावत होते.
शिरोलीहून कास्टिंग किती भरलंय,
साखळी कुठली, कितीची,
काहीच विचारलं नाही.
म्हटलं, "लाव की. अडल्या माणसाला सोडून जातोस व्हय?"

सकाळी दही छान लागलं होतं.
तोवर विरूपाक्षचा डावा पाय
सीपीआरमध्ये घोट्यापासून काढला होता.
टेंपोचा क्लीनर. मागं दगड लावायला उतरलेला.
साखळी तुटली तेव्हा दगड हातातच होता.

विम्याचा माणूस चहा प्यायला नाही.
काट्याची पावती उजेडाकडे धरून म्हणाला,
"अठरा हजार सातशे चाळीस.
ह्याच्यावर आणि टेंपो ओढला?"
मग पेनाचं टोपण लावलं.

वकील म्हणाले, सोपं आहे,
ड्रायव्हरनं न विचारता केलं म्हणा.
कोर्टाच्या पायरीवर दस्तगीर टोपी गुडघ्यावर ठेवून
तेच म्हणाला, "म्हणा वैनी.
माझं काय, लायसन जाईल."
त्याच्या फोनमध्ये तो कॉल अजून आहे,
एक मिनिट सात सेकंद.
त्यानं दाखवला नाही. मीही मागितला नाही.

काल शिरोलीच्या काट्यावर
रिकामी गाडी चढवली.
दस्तगीर खाली उतरला,
मी केबिनमध्येच, मांडीवर पिशवी घेऊन.
खिडकीतून पोरगं ओरडलं,
"ओ मावशी, उतरा! वजन चुकतंय!"

"चुकत न्हाई," म्हटलं,
"मालकाला धरून काढ."